पहिल्या डब्याचे झाकण

हा लेख लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही, याविषयी मी अजूनही साशंक आहे. या अंकाच्या संपादकांचे पत्र आल्यावर मी पहिले उत्तर नकाराचेच लिहिले होते. ते पाकिटात घातले, तिकीट लावले, आणि पोस्टाच्या पेटीपर्यंत जाऊन परत आणले. माझ्या हातून आजवर झालेले सर्वांत दीर्घ लेखन म्हणजे पगारपत्रक. त्यात विशेषणांना जागा नसते आणि चूक झाली तर लाल शाईने दुरुस्त करून सही करावी लागते. आयुष्यातही तशी सोय असती तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. तेव्हा वाचकांनी माझ्या धाडसाबद्दल क्षमा करावी. जे सांगायचे आहे ते थोडेच आहे, पण ते सांगितल्यावाचून मला निवृत्त झाल्यासारखे वाटत नाही.

भंडारा शहराच्या कडेला आमचे मिशनचे आवार होते. तेथे एक लहान दवाखाना, एक शाळा, एक उपासनामंदिर आणि कामगारांची वीस-बावीस घरे होती. माझे वडील तेथील पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मोपदेशक. नागपूरला जाऊन मी पदवी घेतली, गणितात चांगले गुण मिळवले आणि त्यानंतर सोळा वर्षे आजारी वडिलांची शुश्रूषा केली. ते गेले तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते. ज्या वयात इतर बायका नोकरीत स्थिरावतात, त्या वयात मी दवाखान्याच्या कचेरीत हिशेबनीस म्हणून पहिल्यांदा खुर्चीवर बसले. पहिला महिनाभर मी त्या खुर्चीच्या कडेवरच बसत असे.

तो सत्तरच्या दशकाचा आरंभ होता. परदेशी साहेब लोक एकेक करून मायदेशी परतले होते आणि कारभार आमच्याच लोकांच्या समितीकडे आला होता. याचा अर्थ बाहेरच्या माणसाला चटकन कळणार नाही. साहेबांच्या काळी आवारातील माणसाला पगार थोडा मिळे, परंतु घर, औषध, मुलांची फी, नाताळचे कापड, लग्नातील तांदूळ हे सारे एका चिठ्ठीवर भागत असे. अडचण आली की बंगल्याच्या पायरीवर जाऊन उभे राहायचे, की चिठ्ठी मिळे. आता बंगला रिकामा होता. पगार वाढला होता, पण चिठ्ठी बंद झाली होती. चाळिशी-पन्नाशीतील माणसे आयुष्यात प्रथमच महिनाभराचा पैसा महिनाभर पुरवण्याचा प्रयत्न करीत होती, आणि पंधरा तारखेला थकून माझ्या टेबलासमोर उभी राहत होती.

नवे पाळकसाहेब एके दिवशी म्हणाले, "बाई, तुम्ही यांना पगार देता. तो वापरायचा कसा, हेही तुम्हीच शिकवा."

मी म्हटले, "मला चार माणसांत बोलता येत नाही."

"मग बायकांत बोला," ते म्हणाले आणि निघून गेले. त्यांच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता.

अशा रीतीने दर गुरुवारी दुपारी, शाळेच्या व्हरांड्यात, माझा डब्यांचा वर्ग सुरू झाला. पुस्तकी जमाखर्च शिकवण्यात अर्थ नव्हता, कारण निम्म्या बायका पगारपत्रकावर अंगठा उठवत. म्हणून मी पाच रिकामे डबे मांडले. पगार हाती आला की त्याच दिवशी त्याची पाच ठिकाणी वाटणी करायची. पहिला डबा देवाचा. मिळकतीचा दहावा हिस्सा परमेश्वराला द्यावा अशी आमच्यात पूर्वापार शिकवण आहे, त्याला दशांश म्हणतात. दुसरा डबा उद्याचा, म्हणजे आजारपण, म्हातारपण, अडीअडचण यांचा. तिसरा किराण्याचा, चौथा मुलांच्या शिक्षणाचा आणि पाचवा पाहुण्यांचा. पाहुण्यांच्या डब्याला बायका हसत. पण पाहुणा हा आमच्या आवारातील सर्वांत नियमित खर्च होता, आणि त्याचीच कोणी तरतूद करीत नसे.

भंडाऱ्यात बचत म्हणजे पितळ. हातात चार पैसे आले की बाई बाजारात जाऊन पाण्याचा एक गुंड किंवा परात घेणार, आणि घासूनपुसून फळीवर मांडणार. फळीवरची भांडी मोजली की त्या घराची श्रीमंती कळत असे. मी त्यांना समजावून सांगे की, घेताना तुम्ही घडणावळीचे पैसे देता आणि विकताना दुकानदार ते मोडीच्या भावाने तागडीत टाकतो. शिवाय पोस्टात ठेवलेला पैसा वाढतो, फळीवरचा गुंड वाढत नाही.

"पण पोस्टातला पैसा चमकत नाई ना जी," मागून आवाज आला.

ही मार्थाबाई. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात ती रुग्णांचे जेवण रांधत असे. नवरा आवाराचा माळी होता, तो लवकर गेला. रूथ नावाची एकच मुलगी होती. मार्थाबाईचा पगार शंभर रुपये होता आणि जिभेला लगाम नव्हता. तिच्या बोलण्यावर वर्ग हसे आणि मी खडूकडे पाहत राही. पण तिने सांगितलेले काम केले नाही, असे एकदाही झाले नाही. पाचही डबे सर्वांत आधी तिने आणले, वनस्पती तुपाचे, राखेने घासून लखलखीत केलेले.

"घ्या," ती म्हणाली, "आता हे बी चमकते अन् पैसा बी."

माझे दोन नियम होते. आता मागे वळून पाहताना त्या नियमांत माझ्या भीतीचा वाटा किती होता, हे मला दिसते. वडील फार उदार होते. मंडळीच्या पाहुण्यांसाठी ते दुकानातून उधारीवर सामान आणीत, आणि ती उधारी त्यांच्यामागे मी सहा वर्षे फेडली. म्हणून पहिला नियम असा की, कोणाकडूनही उसने घ्यायचे नाही. दुसरा नियम पहिल्या डब्याविषयी. दर महिन्याचा दशांश त्याच महिन्यात द्यावा, असे मी सांगून पाहिले. पण बायकांना ते रुचले नाही. धानाची कापणी आटोपली की आमच्याकडे हंगामाचा सण असतो. त्या दिवशी शेतकरी धान आणतो, कोणी भोपळा, कोणी कोंबडी, आणि बायका रोजच्या शिजवणातून मूठमूठ बाजूला टाकून साठवलेला तांदूळ आणतात. आपणही त्याच दिवशी वर्षाचा दशांश एकदम वेदीपुढे ठेवावा, सर्वांनी पाहावा, अशी त्यांची हौस होती. मी ती मान्य केली. मात्र मधल्या काळात हात जाऊ नये, म्हणून प्रत्येकीच्या पहिल्या डब्याच्या झाकणाला पैसे जाण्यापुरती चीर पाडून घेतली, कडेला भोके पाडली, आणि जानेवारीच्या पहिल्या रविवारी स्वतःच्या हाताने पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारून दिली. ती गाठ हंगामाच्या सणाला मीच कापीत असे. "यात पडले ते आपले राहिले नाही," हे वाक्य मी प्रत्येक गाठीबरोबर म्हणे. वाक्य मला आवडत असे, हे कबूल करते.

पैसा आणि भक्ती एकत्र आली की माणसे कशी वागतात याचा एक नमुना येथे सांगितला पाहिजे, नाहीतर आमचे आवार उगाचच सोवळे वाटेल. सणाच्या दिवशी आलेल्या वस्तूंचा उपासनेनंतर अंगणात लिलाव होतो आणि ती रक्कम मंडळीच्या निधीत जाते. एका वर्षी एक तांबडा, तुरेबाज कोंबडा आला होता. दवाखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर शमुवेल याने सात रुपयांची बोली लावली. कंपाउंडर आठ म्हणाला. या दोघांचे नळावरून भांडण होते.

"अकरा!" शमुवेल.

"पंधरा."

"एकवीस! ड्रायव्हर असलो म्हून का झालं?"

"पंचवीस," कंपाउंडर शांतपणे म्हणाला.

"एकतीस!" शमुवेल ओरडला, आणि कंपाउंडर हात जोडून खाली बसला. तेव्हा मला कळले, आणि शमुवेललाही, की कंपाउंडरला कोंबडा मुळात नकोच होता.

दुसऱ्या दिवशी शमुवेल कचेरीत आला. एकतीस रुपये आगाऊ पगारातून हवे होते.

"बाई, कोंबडा मी देवाच्या नावानं घेतला जी."

स्वयंपाकघराचा शिधा मागायला आलेली मार्थाबाई बाजूला उभी होती. ती म्हणाली, "मंग देवाच्याच नावानं महिनाभर उपाशी राय. आगाऊ कायले मांगतं?"

मी आगाऊ रक्कम दिली नाही. महिन्याला पाचप्रमाणे तो बोली फेडील, असे पाळकसाहेबांशी बोलून ठरवले. शमुवेलच्या बायकोने मात्र तो कोंबडा कापू दिला नाही. एवढ्या महागाची भाजी तिच्या घशाखाली उतरली नसती, असे ती म्हणे. पुढे दोन वर्षे तो प्रत्येक रविवारी प्रार्थनेच्या मध्यभागी आरवत असे, आणि मंडळीतील निम्मे लोक डोळे मिटूनच हसत.

असे दिवस बरे चालले होते. वर्गातील बायकांची पोस्टाची पुस्तके झाली. पंधरा तारखेला माझ्या टेबलापुढे कोणी उभे राहीनासे झाले. समितीच्या सभेत माझ्या कामाचा गौरवाने उल्लेख झाला, तेव्हा मी पेन्सिलीला टोक करीत होते. ते टोक मी इतके केले की पेन्सिल अर्धी झाली.

मग रूथ मॅट्रिक झाली.

तिला नर्स व्हायचे होते. लहानपणापासून दवाखान्याच्या खिडकीतून ती नर्सेसच्या पांढऱ्या टोप्या पाहत आली होती. नागपूरच्या एका प्रशिक्षण केंद्रात तिची निवड झाल्याचे पत्र आले. विद्यावेतन मिळणार होते, पण आरंभी अनामत, गणवेशाचे कापड, अंथरूण, पुस्तके आणि प्रवास मिळून दोनशे दहा रुपये लागणार होते. शनिवारपर्यंत ते भरले नाहीत, तर जागा यादीतील पुढच्या मुलीला जाणार होती. पत्र डाकेत रेंगाळून हाती पडले, तेव्हा सोमवार उजाडला होता.

मार्थाबाईने दुसरा आणि चौथा डबा रिकामा केला. त्यांत मिळून एकशे तीस निघाले. फळीवरचा सर्वांत मोठा गुंड तिने बाजारात नेला आणि मी वर्गात सांगितले होते अगदी तसेच झाले. मोडीचे पस्तीस मिळाले. पंचेचाळीस कमी पडत होते.

बुधवारी दुपारी ती कचेरीत आली. लेखापरीक्षक दुसऱ्या दिवशी येणार होते आणि माझ्या टेबलावर पावतीपुस्तकांचा ढीग होता. तिने पदराखालून पहिला डबा काढून माझ्यासमोर ठेवला. तिच्या हिशेबाने त्यात सात महिन्यांचे सत्तर रुपये होते.

"बाई," ती म्हणाली, "गाठ तुमी मारली, म्हून तुमालेच इचारतो. उघडू का?"

त्या दिवशी तिच्या आवाजात एरवीची थट्टा नव्हती. मी डब्याकडे पाहिले. दोरा सात महिन्यांच्या धुराने पिवळा पडला होता, गाठ मात्र जशीच्या तशी होती. माझ्या मनात त्या क्षणी अनेक गोष्टी आल्या. उघड म्हटले, तर उद्या वर्गातील सगळ्याच विचारतील. उघडू नको म्हटले, तर एका मुलीचे शिक्षण माझ्या शब्दावर अडेल. मी कोणाला कधी स्पष्ट काही सांगितले नव्हते. मी फक्त शिकवले होते, आणि शिकवणे वेगळे, सांगणे वेगळे.

मी म्हणाले, "मार्थाबाई, हे तुमचं आणि देवाचं आहे. त्यात मी कोण सांगणारी? तुम्ही प्रार्थना करून ठरवा."

मला वाटले, हे नम्रतेचे उत्तर आहे.

तिने गाठीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "म्हंजे नाई."

"मी तसं म्हटलं नाही."

"तुमी काईच म्हणलं नाई जी. हव म्हणाची असती तं तुमी कात्री काढली असती." तिने डबा उचलून पुन्हा पदराखाली घेतला. दारातून वळून म्हणाली, "पावत्या सांभाळा. वारा सुटून राह्यला."

खरेच, खिडकी उघडी होती आणि कागद उडत होते. मी ते गोळा करीत बसले.

गुरुवारी लेखापरीक्षक आले, म्हणून वर्ग झाला नाही. शुक्रवार गेला. शनिवार गेला. मी मनाशी म्हणत होते की तिने काहीतरी मार्ग काढला असेल, मार्थाबाई काही ना काही करतेच. सोमवारी सकाळी शिधा मोजून देण्यासाठी मी स्वयंपाकघरात गेले, तेव्हा रूथ विळीवर बसून वांगी चिरत होती. तिने मान वर केली नाही. मार्थाबाई चुलीकडे तोंड करून होती. ती फक्त इतकेच म्हणाली, "आजपासून ही माह्या हाताखाली राहीन. रोजंदारीवर लिहून घ्या."

मी लिहून घेतले.

त्याच दिवशी महादेवजी तांदळाची पोती घेऊन आले. ते लाखांदूर तालुक्यातील दिघोरीचे शेतकरी होते. गावच्या तलावाखाली त्यांची बांधी, म्हणजे बांध घातलेले धानाचे शेत होते. दवाखान्याला तांदूळ अनेक वर्षे तेच पुरवीत, आणि मार्थाबाईला बहीण मानीत. पोती उतरवून झाल्यावर ते कचेरीच्या दाराशी आले, पण पैसे घ्यायला पुढे झाले नाहीत.

"बाई, एक इचारू का? राग नोका मानू."

"विचारा."

"मी शुक्रवारी आलतो. मार्थाबाईले म्हणलं, पन्नास रुपये घे, पोरीले धाड, तुह्या सवडीनं दे. तं म्हणते, बाईनं उसनं घ्या नाई सांगतलं. म्हणलं, उसनं नाई तं असंच घे, भाची हाय माही. तं म्हणते, फुकटचं कायले घेऊ, माह्याजवळ हायेत, पण थे देवाचे हायेत. आमच्याकडं बी देवाचं वेगळं काढतेत. पण बाई, तुमचा देव डब्यावर बसून राह्यते का जी?"

मी त्यांच्या तांदळाचे पैसे मोजले. दोनदा मोजले, कारण पहिल्यांदा चुकले. त्यांनी ते घेतले आणि नमस्कार करून गेले.

माझे दोन्ही नियम तिने पाळले होते. एका नियमाने एक दार लागले, दुसऱ्याने दुसरे, आणि मधल्या जागेत रूथ वांगी चिरत बसली होती.

मी लहानपणापासून उपासनेत वाढले. दशांशातील एक वाटा विधवेचा आणि पोरक्या लेकराचा असतो, ही शिकवण मी दहा वर्षांची असल्यापासून ऐकत आले होते. मार्थाबाई विधवा होती. रूथला बाप नव्हता. ज्यांच्यासाठी तो डबा होता, त्यांच्यापैकीच एक तो पदराखाली धरून माझ्यापुढे उभी होती, आणि मी तिला घरी जाऊन प्रार्थना करायला सांगितले. एवढेच नव्हे. मंडळीचा एक गरजू निधी होता. त्याचे पुस्तक माझ्याच टेबलाच्या उजव्या खणात होते. त्यात त्या बुधवारी तीनशेहून अधिक रुपये शिल्लक होते. त्यातून मदत देण्यासाठी लेखी अर्ज लागे. मार्थाबाईने अर्ज केला नव्हता, म्हणून मला ते पुस्तक आठवलेही नाही. तिला लिहिता येत नव्हते, हेही मला आठवले नाही, आणि तिचा अंगठा तर मी दर महिन्याला पाहत होते.

पुढे मी हे पाळकसाहेबांना सांगितले. मग त्यांनी विचारले, "माझं घर तुमच्या कचेरीपासून किती पावलांवर आहे, बाई?"

मी म्हटले, "चाळीस असतील."

"मग आला का नाहीत?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले.

हंगामाचा सण आला. बायका आपापले डबे घेऊन रांगेने वेदीपुढे आल्या. मी कात्री घेऊन बसले होते. मार्थाबाईची पाळी आली तेव्हा तिने डबा ठेवला आणि म्हणाली, "मोजून घ्या जी. पूरा हाय." मी गाठ कापली. अकरा महिन्यांचे एकशे दहा रुपये निघाले, पैशाचाही फरक नव्हता. मी पावती लिहिली. त्या वर्षीच्या अर्पणातून आवाराच्या फाटकाला हिरवा रंग द्यावा, असे समितीने ठरवले होते. रंग चांगला लागला. निवृत्त होईपर्यंत रोज दोन वेळा मी त्या फाटकातून गेले.

त्यानंतरच्या सभेत मी बोलायचे ठरवले होते, पण बोलता आले नाही. दुसऱ्या सभेतही नाही. तिसऱ्या सभेत मी लिहून नेले आणि कागद दोन्ही हातांनी धरून वाचला. पहिल्या डब्याला यापुढे गाठ नसावी. दशांश महिन्याच्या महिन्याला द्यावा. गरजू निधीसाठी अर्ज लागू नये, खजिनदाराने स्वतः घरोघर जाऊन विचारावे. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "अशाने शिस्त मोडेल." पाळकसाहेब म्हणाले, "मोडू द्या." ठराव मंजूर झाला. मला वाटते, माझ्या सबंध नोकरीतील तेवढे एकच काम माझे स्वतःचे होते.

रूथला त्याचा उपयोग झाला नाही. दुसऱ्या वर्षी तिने पुन्हा अर्ज केला. त्याचे पैसे या वेळी मी स्वतः घेऊन तयार होते. परंतु गुणांची अट वाढली होती आणि तिचे नाव यादीत आले नाही. ती स्वयंपाकघरातून वॉर्डात आया म्हणून लागली. हात हलका होता, रुग्ण तिलाच हाक मारीत. नवशिक्या नर्सेस शीर सापडली नाही की डोळ्यांनी तिला खूण करीत, आणि ती बोटाने जागा दाखवून बाजूला होई. सुई हातात घेण्याची तिला परवानगी नव्हती. पगारपत्रकात मी तिचे नाव नर्सेसच्या खाली, वेगळ्या रकान्यात लिहीत असे.

मार्थाबाईने त्या बुधवारविषयी मला कधी एक शब्द विचारला नाही. ती वर्गाला येत राहिली. फक्त मागून बोलायची ती थांबली. वर्ग शांत झाला, आणि इतक्या वर्षांत मला जी शांतता हवी होती, ती मिळाल्यावर मला सहन होईना.

ती गेल्याला आता काही वर्षे झाली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी निवृत्त झाले, तेव्हा रूथ मला तिच्या घरी जेवायला घेऊन गेली. लग्नानंतर ती नदीपलीकडे कारध्याला राहत होती. नवऱ्याचे सायकलदुरुस्तीचे दुकान होते. स्वयंपाकघरातील फळीवर पाच डबे होते. वनस्पती तुपाचे, राखेने घासलेले. मी ते ओळखले. चार डब्यांना झाकणे होती. पहिला उघडाच होता. आत काही नोटा आणि चिल्लर दिसत होती.

मी विचारले, "याचं झाकण कुठं गेलं?"

रूथ ताट वाढीत होती. ती म्हणाली, "आईनं फेकून देल्लं जी. माह्या लग्नाच्या वक्ती हे डबे मले देले, तवा पुलावरून येताना थांबली अन् वैनगंगेत टाकलं. मी म्हणलं, काहून टाकतं वो? तं म्हणे, याले झाकण नाई लागत."

"आणि अजून दशांश काढतेस?"

"काढतो ना जी. आई असती तं सोडलं असतं का?" ती हसली. हसताना ती हुबेहूब मार्थाबाई दिसत होती. "पण साचू देत नाई. आजूबाजूला कोणाले नड असली तं त्यातून जाते, बाकी दर महिन्याले मंडळीत. परवा शेजारच्या पोट्टीची परीक्षेची फी भरली. तिच्या मायनं इचारलं, कवा परत करू? म्हणलं, हे माहे नाईत, तं परत कोणाले करशीन?"

मग तिने माझ्यापुढे ताट ठेवले आणि म्हणाली, "जेवा बाई. थंड होऊन राह्यलं."

मी जेवले. त्या घरी मला भात दोनदा वाढला गेला आणि दोन्ही वेळा मी नाही म्हटले नाही.

त्या बुधवारी मार्थाबाईने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी अजून शोधते आहे, असे म्हणणे खोटे ठरेल. उत्तर मला तेव्हाही ठाऊक होते, कात्री हाताशी होती, फक्त मला ते उच्चारता आले नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी देवासाठी वेगळे काढलेले काही ना काही असेल, आणि अनेकांच्या दाराशी कधी ना कधी कोणी तरी उभे राहिले असेल. म्हणून वाचकहो, संकोचाने पण मनापासून विचारते: माझ्या खुर्चीवर तुम्ही असता, समोर तो डबा असता, आणि एका बाईने "उघडू का?" असे विचारले असते, तर तुम्ही तिला काय सांगितले असते?